पंच क्रमांक दोन

तळाशीलला गाडी वळत नाही.
इकडे खाडी, तिकडे दर्या,
मधे माडांची रांग आणि घरं.
आलेली गाडी मागे मागेच बाहेर काढायची,
हे तिथं शेंबडं पोरही जाणतं.

मी गाड्यांच्या वायरी बघतो. दुकान नाक्यावर.
म्हणून हवालदारांनी मलाच बोलावलं,
"तुला त्यातलं कळतं, तू पंच हो."

छोटा हत्ती, रंग पांढरा.
हौद्यात खोके सहा, बर्फ वितळलेला.
डाव्या मागच्या चाकापासून दोन हातांवर
लहान मुलीची चप्पल एक, जांभळी,
पाय टाकला की चीं वाजणारी.
वाजते का, हे कुणी दाबून पाहिलं नाही.

मग मला मागच्या दिव्याशी वाकायला लावलं.
रिव्हर्सचा हॉर्न बंद. वायर कापलेली.
टोकाला काळी चिकटपट्टी.
हवालदारांनी लिहून घेतलं
आणि शाईवर फुंकर मारली.

ती पट्टी माझ्या हातची होती.

शिमगा झाल्यावर दिगा खोबरेकर दुकानात आला होता.
"पहाटे चारला बर्फाक जातंय.
ह्या भोंग्यान चेडू जागां होता, मगे रडता.
तोडून टाक तेका."
मी हसलो. चिमट्याने एकदाच तट्.
पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्याने पाजला.
पुढे भेटला की सांगायचा,
रेवती आता सहापर्यंत झोपते.

त्या दिवशी झोपली नाही.

कापली, एवढंच मावलं कागदावर.
कशासाठी, त्याला रकाना नव्हता.
"कोणी कापली?"
दिगाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"मीच," म्हणाला.
आणि मी खाली सही केली,
पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट.

बाबल तांडेल पारावर म्हणाले,
"बापाक आणि काय शिक्षा देतलात?
तेच्या वर कोर्ट आसा काय?"
सगळ्यांनी माना डोलावल्या.
शेवंती कांदळगावकर जाळं सांधत होती, मान वर न करता:
"आणि चाकाखाली माझां पोर असतां तर?"
मग बराच वेळ
नुसता नायलॉनचा दोरा ओढल्याचा आवाज.

माझा नितेश तीन वर्षांचा असताना
बॅटरीचं ॲसिड मी पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं होतं.
त्याने झाकण काढलं, नाक मुरडलं, ठेवून दिलं.
पंचनामा झाला नाही.
ती गोष्ट मी लग्नाकार्यांत हसत सांगायचो.

हर्षालीने पोलिसांना लिहून दिलं, माझी तक्रार नाही.
तेव्हापासून ती नवऱ्याशी बोललेली नाही.
तक्रार सरकारचीच आहे.

मालवणला तारखेच्या दिवशी
दिगा सगळ्यांच्या आधी येऊन बसतो.
शर्टाला इस्त्री. वकील म्हणतात, "सुटशील रे,"
तसा त्याचा चेहरा उतरतो.
एकदा येताना एसटीत
खिडकीशी बोलावं तसं बोलला,
"किती म्हयने, ता एकदा सांगूंदेत.
मोजूक तरी येतले."
मी काही बोललो नाही. आचऱ्याचे लोक चढले,
त्याने सरकून एका म्हातारीला जागा दिली.

पुढच्या तारखेला माझी साक्ष.
ही सही तुमचीच का, विचारतील.
मजकूर वाचून केली का.
वायर कोणी कापली, ते विचारणार नाहीत.
ते कागदावर आहे.

गाडी सुटून आलीय. दिगा तिला हात लावत नाही,
भाऊ चालवतो.
हॉर्न मी परत जोडून दिला,
ह्या वेळीही पैसे घेतले नाहीत.
आता पहाटे चारला तो गाडी मागे घेतो.
माझं घर तिथून तीन किलोमीटर लांब,
मधे खाडीचं पाणी, वारा उलटा.
एवढ्या लांब ऐकू यायला नको.

येतो.